मिथ्रिडेटीसच्या मुलखात

अंकाऱ्याहून ईशान्येकडे जाणारा रस्ता चोरुम आणि मेर्झिफोन ही गावे मागे पडेपर्यंत अनातोलियाच्या उघड्या पठारावरूनच चालतो, आणि त्या एकसुरी विस्ताराला डोळे सरावतात न सरावतात तोच डोंगरांच्या दोन रांगांमधून वाट काढणाऱ्या येशिलइर्माक नदीच्या अरुंद खोऱ्यात उतरतो. या खोऱ्यात, नदीच्या दोन्ही काठांवर दाटीवाटीने, अमास्या हे शहर वसलेले आहे. प्राचीन ग्रीक लोक नदीस इरिस आणि शहरास अमासेया म्हणत. उत्तरेकडील हार्शेना पर्वताचा कडा नदीकाठापासून जवळजवळ सरळ वर चढतो. पायथ्याशी उस्मानी काळातील लाकडी सज्जांची घरे पाण्यावर झुकलेली आहेत, आणि त्या घरांच्या माथ्यावर, कड्याच्या अंगात, पाँटसच्या राजांच्या पाच समाध्या कोरलेल्या आहेत. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे राज्य इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उदयास आले. त्याच्या राजवंशाचे मूळ इराणी, दरबाराची भाषा ग्रीक, आणि प्रजा अनेक जातींची व अनेक बोलींची. याच वंशातील सहावा मिथ्रिडेटीस याने रोमच्या पूर्वेकडील विस्तारास पंचवीस वर्षांहून अधिक काळ जी झुंज दिली, तिची भूमी पायाखालून घालावी, एवढ्याच हेतूने मी या प्रांतात आलो होतो.

समाध्यांकडे चढताना प्रथम लक्षात येते ती त्यांच्या घडणीची रीत. गुहा खोदून तिच्या तोंडाशी शोभेची चौकट बसवावी, तसे हे काम नाही. खडक तीन अंगांनी मागपर्यंत कोरून काढल्यामुळे समाधी मूळ डोंगरापासून सुटी झालेली आहे आणि तिच्या पाठीमागून प्रदक्षिणा घालता येते. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यास ही पद्धत परिचित वाटेल. मात्र येथे मूर्ती नाहीत, अलंकरण जवळजवळ नाही, आहे ती केवळ उंची आणि मूक भव्यता. पाचांपैकी एक समाधी अर्धवट राहिलेली आहे. ती पहिल्या फार्नाकेस राजाची असावी असे मानतात, कारण त्याने इ. स. पू. 183 मध्ये सिनोप बंदर जिंकले आणि पुढे राजधानी तेथे नेली. तिच्याजवळच्या ग्रीक लेखात, फार्नाकेस राजाच्या कल्याणार्थ येथील किल्लेदाराने देवांसाठी एक वेदी आणि एक फुलबाग अर्पण केल्याची नोंद आहे. कड्यावरच्या त्या उन्हात कोणा लष्करी अंमलदाराने फुलबाग लावावी, हे वाचून मी बराच वेळ त्या लेखाजवळ रेंगाळलो.

अमास्याचे वर्णन ज्याने सर्वांत जिव्हाळ्याने केले तो भूगोलकार स्ट्राबो याच शहरात, इ. स. पू. 64 च्या सुमारास, म्हणजे मिथ्रिडेटीसच्या अखेरच्या दिवसांत जन्मला. आपल्या शहराची तटबंदी, नदीवरील पूल, राजांची स्मारके आणि वेढ्याच्या काळात पाणी तोडता येऊ नये म्हणून खडकाच्या पोटातून खोदलेले मार्ग, यांविषयी तो अभिमानाने लिहितो. परंतु त्याने आपल्या घराण्याविषयी जे लिहून ठेवले आहे ते मला अधिक मोलाचे वाटते. त्याच्या आईचे पूर्वज मिथ्रिडेटीसच्या दरबारी मोठ्या पदांवर होते. पुढे राजाने त्याच घराण्यातील टिबियस आणि त्याचा पुत्र थिओफिलस यांना ठार केले, तेव्हा स्ट्राबोच्या संतापलेल्या आजोबाने, युद्धाचे पारडे फिरत असल्याचे पाहून, 15 ठाणी रोमन सेनापती लुकुल्लस याच्या हवाली केली. मोबदल्याची वचने मिळाली होती. परंतु लुकुल्लसच्या जागी पाँपे आला आणि लुकुल्लसला साहाय्य करणाऱ्या प्रत्येकास त्याने आपला वैरी मानले, त्यामुळे त्या घराण्याच्या पदरी काहीच पडले नाही. राजाचे आप्त, राजाचे मानकरी आणि अखेर राजाचे शत्रू, असा हा क्रम. मिथ्रिडेटीसच्या उत्थानाचा आणि ऱ्हासाचा सारा इतिहास या एका घराच्या कहाणीत आलेला आहे, असे या प्रवासात मला पावलोपावली वाटत गेले.

त्याच्या उत्थानाचे कारण समजून घ्यायचे तर पाँटसच्या बाहेर, पश्चिमेकडे, एजियन समुद्राच्या किनाऱ्याकडे पाहिले पाहिजे. पर्गमॉनचा अखेरचा राजा अटालस याने इ. स. पू. 133 मध्ये आपले राज्य मृत्युपत्राने रोमन जनतेच्या स्वाधीन केले, आणि त्या सुपीक मुलखाचा ‘आशिया’ नावाचा रोमन सुभा झाला. दहा वर्षांनी, इ. स. पू. 123 मध्ये, गायस ग्राक्कसच्या कायद्याने या सुभ्याच्या वसुलाचा मक्ता खुद्द रोम शहरात लिलावाने देण्याची पद्धत सुरू झाली. मक्तेदारांच्या मंडळ्या ठराविक रक्कम सरकारी खजिन्यात भरण्याचा करार करीत आणि तीवर जितके उकळता येईल तितके रयतेकडून उकळीत; वसूल भरण्यास असमर्थ झालेल्या शहरांना रोमन सावकारच जबर व्याजाने कर्ज देत, आणि कर्ज फिटले नाही की सार्वजनिक इमारती, देवालयांचे द्रव्य आणि शेवटी माणसेसुद्धा गहाण पडत. ज्या जुलमास तोंड आणि नाव असते त्याविरुद्ध दाद मागता येते. येथे दाद ऐकणारा सुभेदार आणि लुटणारा मक्तेदार हे पुष्कळदा एकाच गोटातले असत. आशियातील ग्रीक शहरे इ. स. पू. 89–88 मध्ये मिथ्रिडेटीसला तारणहार म्हणून सामोरी गेली, याचे कारण त्याच्या पराक्रमापेक्षा या मक्त्यात शोधावे लागते.

त्याचा पराक्रमही सामान्य नव्हता. सिनोपमध्ये जन्म, बालपणीच पित्याचा खून, आईच्या हाती कारभार, आणि वयात येताच आईला कैदेत टाकून स्वतःच्या भावालाही ठार करणे, असा त्याच्या सत्तेचा आरंभ आहे, आणि तो रम्य मुळीच नाही. तदनंतर त्याने काळ्या समुद्राच्या पलीकडे क्रिमियापर्यंत अंमल बसविला. त्या बाजूने दरसाल 1,80,000 मेडिम्नी धान्य आणि 200 टॅलेंट रुपे खंडणीदाखल येत असे, असे स्ट्राबो लिहितो. त्याला 22 भाषा अवगत होत्या आणि आपल्या प्रत्येक प्रजेशी तो दुभाष्यावाचून बोलत असे, अशी प्लिनीची साक्ष आहे. रोमशी युद्ध मात्र प्रथम त्याने आरंभिले नव्हते. मानियस अक्विल्लियस या रोमन वकिलाने बिथिनियाच्या कर्जबाजारी राजाला पाँटसवर स्वारी करण्यास चिथावले, ती लूट सावकारांचे देणे फेडण्यास उपयोगी पडावी म्हणून. मिथ्रिडेटीसने स्वारी परतवली, आशिया सुभा जिंकला, आणि हाती सापडलेल्या अक्विल्लियसच्या घशात वितळलेले सोने ओतून त्याचा अंत केला.

येथपर्यंतच्या हकिकतीत न्याय कोणत्या बाजूस आहे याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. परंतु इ. स. पू. 88 मध्ये राजाने आपल्या अधिकाऱ्यांना आणि शहरांच्या कारभाऱ्यांना गुप्त खलिते पाठविले, की आजपासून तिसाव्या दिवशी आशियातील प्रत्येक रोमन व इटालियन माणसास स्त्रिया-मुलांसह ठार करावे, प्रेते पुरू देऊ नयेत, आणि त्यांची मालमत्ता मारेकरी व सरकार यांनी वाटून घ्यावी. धन्यास मारणाऱ्या गुलामास स्वातंत्र्य आणि सावकारास मारणाऱ्या कुळास निम्म्या कर्जाची माफी, असे आमिष होते. एफेससमध्ये देवीच्या मूर्तीला मिठी मारून बसलेल्यांना ओढून काढण्यात आले. मृतांची संख्या एका परंपरेप्रमाणे 80,000, तर प्लूटार्कच्या मते 1,50,000 होती. हे आकडे फुगविलेले असले तरी त्या कृत्याचे स्वरूप पालटत नाही. ज्या रयतेचा कैवार घेऊन तो उभा राहिला होता तिच्या हातांना त्याने निष्पापांचे रक्त लावले, आणि ते लावताना परतीची वाट आपल्यासाठी व तिच्यासाठीही बंद केली. पुढे रोमन सेनापती सुल्लाने ग्रीसमध्ये शिरलेल्या त्याच्या फौजांचा मोड केला, तेव्हा घाबरलेल्या राजाने गॅलेशियन सरदारांना मेजवानीस बोलावून मारले, खिऑस बेटावरील लोकांना गलबतांत कोंबून काळ्या समुद्राकडे धाडले, आणि तारणहार म्हणून त्याचे स्वागत करणाऱ्या एफेससनेच बंड पुकारले. इ. स. पू. 85 मध्ये दार्दानस येथे तह झाला. राजाने 2,000 टॅलेंट आणि 70 जहाजे दिली आणि तो आपल्या मूळ राज्यात परतला. बंडखोर शहरांवर मात्र सुल्लाने 20,000 टॅलेंटांचा दंड बसविला.

अमास्याहून दक्षिणेस झिले हे द्राक्षमळ्यांचे जुने गाव आहे. पांढऱ्या काकवीसारखा जो द्राक्षांचा घट्ट पाक येथे करतात, त्याची ख्याती तुर्कस्तानभर आहे. प्राचीन झेला ते हेच. मधोमध असलेल्या टेकडीवरील किल्ल्यात मी चढलो, तेव्हा सोबत आलेल्या वृद्ध शिक्षकांनी मोठ्या आदराने ज्युलियस सीझरचे नाव घेतले, इ. स. पू. 47 मध्ये मिथ्रिडेटीसच्या पुत्राचा येथे पाडाव करून त्याने पाठविलेला तीन शब्दांचा निरोप शाळेतील पोरांनाही पाठ असतो, असे ते म्हणाले. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी, तहानंतर पुन्हा पेटलेल्या युद्धात, इ. स. पू. 67 मध्ये, याच गावाच्या शिवारात मिथ्रिडेटीसने ट्रायरियसच्या रोमन सैन्याचा जो संहार केला, त्याची मी आठवण काढली तेव्हा ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी मला तटावर नेऊन खालचे सारे मैदान दाखविले. त्या दिवशी 7,000 रोमन पडले, त्यांत 24 ट्रिब्यून आणि 150 शतनायक होते. साठी ओलांडलेला राजा स्वतः घोड्यावर होता. त्याच्या सेवकासारखा बाजूने धावत आलेल्या एका रोमन शतनायकाने त्याच्या मांडीत तलवार खुपसली. राजा पडल्याची आवई उठताच फौज बिचकली, तेव्हा वैद्य टिमोथियसने रक्त थांबवून त्याला उंच उचलून सैन्यास दाखविले. हिंदुस्थानच्या स्वारीत शिकंदराने आपल्या मॅसिडोनियन सैनिकांना असेच दर्शन दिले होते, याची आठवण हा प्रसंग सांगताना इतिहासकार अ‍ॅपियन करून देतो. आणि आपल्या नाण्यांवर शिकंदरासारखे मोकळे केस मिरविणाऱ्या या राजास ती तुलना निश्चित आवडली असती.

तोकातवरून डोंगर ओलांडून निक्सारला उतरले की केल्कित नदीचे रुंद, हिरवे खोरे समोर येते. प्राचीन काबिरा ती ही जागा. येथे मिथ्रिडेटीसचा वाडा होता, शिकारीची राखीव राने होती, वन्य पशूंचा संग्रह होता, जवळ खाणी होत्या, आणि एक पाणचक्की होती. स्ट्राबोने केलेला तिचा उल्लेख पाणचक्कीच्या जगातील अगदी जुन्या उल्लेखांत मोडतो, आणि डोंगरातून खळाळत येणारे पाणी पाहिल्यावर ती येथेच असावी यात काही नवल वाटत नाही. इ. स. पू. 72 मध्ये येथेच लुकुल्लसने त्याची फौज उधळली. गोंधळात राजा पायी पळत सुटला, एका सेवकाने त्याला आपला घोडा दिला, आणि पाठलाग करणारे रोमन हातभर अंतरावर आले असता सोन्याने लादलेले एक खेचर मध्ये आले. ते लुटण्यासाठी सैनिक आपसांत भांडू लागले, आणि ज्याच्यासाठी एवढे युद्ध मांडले तो हातचा निसटला. निक्सारच्या किल्ल्यावरून पूर्वेकडे एकामागे एक चढत जाणाऱ्या डोंगररांगा पाहिल्या म्हणजे तो पळून कोठे जाई आणि पुन्हा उभा कसा राही, याचे उत्तर मिळते. त्या बाजूच्या दुर्गम प्रदेशात त्याने 75 किल्ले बांधले होते आणि खजिना त्यांत विभागून ठेवला होता. मैदानातली लढाई हरली तरी दौलत शाबूत राही, आणि दौलत होती तोवर फौज पुन्हा जमे.

निक्सारहून अक्कुशमार्गे समुद्राकडे उतरताना सृष्टी पूर्ण बदलते. पठाराचा कोरडा उजेड घाटमाथ्यावर संपतो, धुके सुरू होते, बीच वृक्षांची अरण्ये लागतात आणि मग किनाऱ्यापर्यंत उतारावर हेझलनटच्या झुडपांखेरीज काही दिसत नाही. याच डोंगरांत पुढे पूर्वेकडे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांपासून मधमाश्या एक मादक मध करतात. तेथील रानटी टोळ्यांनी तो पाँपेच्या सैनिकांच्या वाटेवर ठेवला आणि भान हरपलेल्या तीन तुकड्या कापून काढल्या, असे स्ट्राबो सांगतो.

गिरेसुनचा किल्ला समुद्रात शिरलेल्या एका उंचवट्यावर आहे. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे चेरीचे झाड लुकुल्लसने पाँटसहून प्रथम इटलीत नेले, आणि गिरेसुनचे जुने नाव केरासूस त्या फळाशी निगडित असल्यामुळे हे गाव त्या कीर्तीवर हक्क सांगते. माझे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीने व्यापलेले होते. याच भागातील फार्नाकिया येथे राजाचा जनाना सुरक्षिततेसाठी ठेवलेला होता. काबिराच्या पराभवानंतर, त्या स्त्रिया शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून, त्याने बाक्किडेस नावाच्या खोजाला त्यांना मरणाची आज्ञा देऊन पाठविले. त्यांत मिलेटसची मोनिमे होती, जिने राजाने देऊ केलेली 15,000 सोन्याची नाणी नाकारून राणीपदाचा शिरोबंध मागून घेतला होता. तिने तोच शिरोबंध गळ्याभोवती आवळला. तो तुटला, तेव्हा मरणाच्याही कामी न आलेल्या त्या चिंधीवर थुंकून तिने मारेकऱ्यापुढे मान केली. खिऑसच्या बेरेनिकेने आपल्या वृद्ध आईबरोबर विष वाटून घेतले. राजाच्या दोन अविवाहित बहिणींपैकी रोक्सानाने शिव्याशाप देत विष घेतले. स्टाटिराने मात्र, स्वतः संकटात असतानाही आम्ही स्वतंत्र म्हणून मरावे याची भावाने आठवण ठेवली, असे म्हणून त्याचे आभार मानले. स्टाटिराचे ते आभार वाचून इतिहासकार तिच्या धैर्याची वाखाणणी करतात. मला रोक्सानाचे शापही तितकेच खरे वाटतात. स्वातंत्र्याच्या नावाने चाललेल्या युद्धात या स्त्रियांना निवडीचे स्वातंत्र्य कधी मिळालेच नव्हते.

पश्चिमेकडे परतताना साम्सुन लागते, प्राचीन अमिसॉस. शहर मोठे, गजबजलेले, आणि प्राचीन अवशेषांच्या दृष्टीने फारसे काही न उरलेले, इ. स. 1995 मध्ये सापडलेल्या थडग्यातील सोन्याचे नाजूक दागिने तेवढे संग्रहालयात आवर्जून पाहावेत. लुकुल्लसने हे बंदर घेतले तेव्हा राजाच्या सेनापतीनेच जाताना आग लावून दिली, आणि ती विझविण्याऐवजी लुटीत गुंतलेले आपले सैनिक पाहून लुकुल्लस रडला, असे प्लूटार्क लिहितो. नंतर त्याने शहर पुन्हा उभारण्यास मदत केली. त्याहून महत्त्वाचे काम त्याने आशियाच्या सुभ्यात केले. सुल्लाचा 20,000 टॅलेंटांचा दंड दुप्पट फेडून झाला होता, तरी चक्रवाढीने तो 1,20,000 वर जाऊन पोचला होता. लुकुल्लसने व्याजाचा दर दरमहा शेकडा एक ठरविला. मुद्दलापेक्षा अधिक झालेले व्याज रद्द केले, म्हणजे आपल्याकडील दामदुपटीचाच नियम लागू केला. सावकाराने ऋणकोच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक घेऊ नये असे फर्माविले. आणि व्याज मुद्दलात मिळविणाऱ्याचे सारेच येणे बुडविले. चार वर्षांच्या आत जमिनी कर्जमुक्त झाल्या. मिथ्रिडेटीसच्या तलवारीने जे साधले नाही ते एका रोमन माणसाच्या चार कलमांनी साधले, आणि त्याची किंमत त्याला भोगावी लागली. सावकार मंडळींनी रोममध्ये त्याच्याविरुद्ध पुढाऱ्यांना हाताशी धरले, सुभे एकेक करून त्याच्या हातून काढले गेले, आणि इ. स. पू. 66 मध्ये युद्धाची सूत्रे पाँपेकडे गेली.

सिनोप हे माझ्या प्रवासाचे शेवटचे ठाणे. एका चिंचोळ्या संयोगभूमीवर, दोन्ही अंगांस दोन बंदरे घेऊन, समुद्रात झेपावलेले हे गाव संरक्षणाच्या दृष्टीने किती अजोड आहे हे तटबंदीवरून चालताना कळते. तिचे आजचे बुरूज पुष्कळ नंतरच्या काळात उभे राहिलेले आहेत, पण ते ज्या कारणासाठी उभे राहिले ते कारण मिथ्रिडेटीसच्या आजोबालाही ठाऊक होते. येथे तो जन्मला, आणि येथेच त्याचा देह आणण्यात आला. पाँपेकडून पराभूत झाल्यावर तो काकेशसच्या अंगाने क्रिमियात, पाँटिकापियमला पोचला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, डॅन्यूबच्या काठाने थेट इटलीवर स्वारी करण्याचे बेत करू लागला. त्यासाठी जबर कर बसविले, शेतीचे बैल कापून त्यांच्या स्नायूंपासून यंत्रांच्या दोऱ्या वळविल्या, आणि रयतेच्या डोळ्यांत तो स्वतःच एक नवा मक्तेदार झाला. किल्ल्यांमागून किल्ले फिरले. शेवटी त्याचा लाडका पुत्र फार्नाकेस याच्यासह सारे सैन्य फिरले. इ. स. पू. 63 मध्ये त्याने विष घेतले. सोबतच्या दोन कुमारी कन्या त्या विषाने मरण पावल्या. आयुष्यभर विषाची सवय करून घेतलेल्या त्याच्या शरीरावर मात्र परिणाम होईना, तेव्हा बिटुइटस नावाच्या गॉल शिपायाने त्याच्या विनंतीवरून तलवारीने काम पुरे केले. पाँपेने मृत शत्रूचा मान राखून सिनोपच्या राजसमाध्यांत त्याचे दफन करविले.

बापाला विकून फार्नाकेसला क्रिमियातील राज्य मिळाले. रोममध्ये पाँपे आणि सीझर यांचे यादवी युद्ध पेटले, तेव्हा बापाचे सारे राज्य परत घ्यावे ही इच्छा त्यालाही झाली. त्याने समुद्र ओलांडून अमिसॉस घेतले, तेथील नागरिकांवर अनन्वित अत्याचार केले, आणि झेलाच्या रणांगणावर काही घटकांतच सर्वस्व गमावले. उरलेल्या हजारभर स्वारांनिशी तो पळत आला तो सिनोपला. येथे त्याने घोडे मारून टाकले, माणसे गलबतांत चढविली आणि क्रिमियाची वाट धरली; तेथे त्याच्याच नेमलेल्या कारभाऱ्याने बंड केलेले होते, त्या लढाईत तो मेला. थोड्याच काळात सीझरने सिनोपमध्ये रोमन वसाहतवाले आणून बसविले, आणि शहराची काही जमीन त्यांच्याकडे गेली.